घराची वाटणी आणि संसाराचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला आहे. दोन्ही गोष्टी खर्चाच्या, कष्टाच्या आणि माणसाची कसोटी पाहणाऱ्या, म्हणून म्हणीने त्यांची जोडी लावली. पण लग्न मोडले तर बांधलेल्या घराचे काय करावे, याविषयी म्हण मौन पाळते. म्हणीचे एक वेळ सोडून देता येईल. परंतु या देशाचा कायदाही त्याविषयी जवळजवळ मौनच पाळतो. पोटगी कशी ठरवावी, मुलांचा ताबा कोणाकडे द्यावा, यांविषयी तरतुदी आहेत. दोघांनी मिळून उभ्या केलेल्या घराची वाटणी कोणत्या तत्त्वावर करावी, याचे सरळ उत्तर मात्र, पोर्तुगीज अंमलाखाली राहिलेला गोवा-दमणचा मुलूख वगळला तर, आपल्या सर्वसाधारण विवाह कायद्यांत सापडत नाही.

हा नवरा-बायकोचा खासगी तंटा आहे, चळवळीने त्यात का पडावे, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. या शंकेचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. पगारावर जगणाऱ्या कुटुंबाकडे कारखाना नसतो, भांडवली रोखे नसतात, बहुधा जमीनही नसते. वीस वर्षे हप्ते फेडून मिळवलेल्या दोन खोल्या हेच त्याचे एकमेव भांडवल. ते भांडवल दोन माणसांत कसे वाटले जाते हा संपत्तीच्या वाटपाचाच प्रश्न आहे. संपत्तीच्या वाटपाविषयी बोलणाऱ्या चळवळीला उंबरठ्याशी थांबता येणार नाही.

कायदा काय म्हणतो

हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. त्याच्या कलम २७ नुसार न्यायालयाला मालमत्तेविषयी आदेश देता येतो. परंतु तो लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट म्हणून आलेल्या आणि दोघांच्या समाईक असलेल्या वस्तूंपुरता. म्हणजे आहेरातल्या कपाटाविषयी कायदा बोलतो; ते कपाट ज्या घरात पंधरा वर्षे उभे राहिले त्या घराविषयी बोलत नाही. कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी मिळते आणि तिचा बोजा प्रतिपक्षाच्या स्थावर मिळकतीवर ठेवता येतो. पण पोटगी हे गरजू माणसाला दिलेले साहाय्य आहे, मालकाला मिळालेला हिस्सा नव्हे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने पती-पत्नींमधील मालमत्तेचे दावे कुटुंब न्यायालयाकडे सोपवले. त्यामुळे दाद मागण्याची जागा मिळाली. दाद कोणत्या तत्त्वावर द्यावी हे मात्र ठरले नाही.

मग न्यायालय पाहते काय? ते खरेदीखत पाहते. खत एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर घर त्याचे. खत दोघांच्या नावावर असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ पुढे येते: वेगळा करार नसेल तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि कोणी किती घातला याचा पुरावाच नसेल तर हिस्से समान मानावेत. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण पुरावा कोणाजवळ असतो, हा खरा प्रश्न आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला सामाईक निवासात राहण्याचा हक्क दिला. मालकी कोणाचीही असो, तिला कायदेशीर मार्गाखेरीज घराबाहेर काढता येत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा फार आखूड अर्थ लावला होता. २०२० साली त्याच न्यायालयाने सतीशचंदर आहुजा खटल्यात तो अर्थ दुरुस्त केला. ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही.

एका घराचा जमाखर्च

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एका जोडप्याने ३० लाखांचा फ्लॅट घेतला. नवरा कारखान्यात, पगार ३५ हजार. बायको खासगी शाळेत शिक्षिका, पगार १८ हजार. हिशेब सोपा राहावा म्हणून पगार स्थिर धरू. सहा लाख रोख भरले, त्यांतले चार लाख नवऱ्याच्या बचतीचे आणि दोन लाख बायकोचे दागिने मोडून आलेले. उरलेल्या २४ लाखांचे कर्ज वीस वर्षांचे, हप्ता महिना २३ हजार. हप्ता नवऱ्याच्या बँक खात्यातून कापला जातो. त्याचे उरलेले १२ हजार आणि तिचे १८ हजार यांत वाणसामान, दूध, वीज, मुलांची फी, सासूबाईंचे औषधपाणी असा सगळा संसार चालतो.

बारा वर्षांनी लग्न मोडते. फ्लॅटची किंमत आता ६० लाख आहे आणि कर्ज सुमारे १५ लाख उरले आहे. म्हणजे वाटणीयोग्य मूल्य ४५ लाख.

पहिला हिशेब पावत्यांचा. नवऱ्याने हप्त्यांपोटी ३३ लाख १२ हजार आणि रोख ४ लाख भरले. बायकोने दागिन्यांचे २ लाख. या प्रमाणात तिचा वाटा जेमतेम पाच टक्के येतो, म्हणजे सुमारे २ लाख ३० हजार. सोनाराची पावती हरवली असेल तर तेवढाही नाही.

दुसरा हिशेब मिळकतीचा. पैशाला खूण नसते. तिच्या १८ हजारांनी घरातली चूल पेटती ठेवली नसती तर त्याच्या पगारातून २३ हजार बाजूला काढताच आले नसते. किंबहुना तिच्या पगाराचे कागद जोडल्याशिवाय एवढे कर्ज मंजूरच झाले नसते. बँकेने कर्ज देताना दोघांची मिळकत एक धरली. मग वाटणी करताना ती वेगळी का धरावी? ५३ हजारांतले १८ हजार म्हणजे ३४ टक्के. या हिशेबाने तिचा वाटा सुमारे १५ लाख ३० हजार.

तिसरा हिशेब संसाराचा. त्यात पगाराबरोबर घरातले श्रमही मोजावे लागतात आणि वाटा निम्मा होतो: साडेबावीस लाख.

घर तेच, माणसे तीच, वर्षे तीच. वही बदलली की तिचा वाटा सव्वादोन लाखांवरून साडेबावीस लाखांवर जातो. आजचा कायदा पहिली वही उघडतो, कारण तिच्यातच पावत्या असतात. भाजीच्या पावत्या कोणी जपून ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट. ३० लाखांचे घर ६० लाखांचे झाले, ही वाढ दोघांपैकी कोणाच्याही घामाची नाही. रस्ता आला, रेल्वे आली, कारखाने आले, माणसे आली, आणि जमिनीची किंमत वाढली. ही समाजाने निर्माण केलेली वाढ आहे. हप्त्याच्या पावत्या दाखवून तिच्यावर एकट्याने हक्क सांगण्याला तर कोणताच नैतिक आधार उरत नाही.

भावाला जे मिळते ते पत्नीला का नाही

घरकामाचे मोल मोजता येत नाही, ही नेहमीची हरकत आहे. ती खरी नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणही स्त्रियांच्या मानाने फारच थोडे. न्यायालयेही हे मोल मोजतातच. गृहिणीचा वाहन अपघातात मृत्यू झाला तर तिच्या श्रमांची काल्पनिक मिळकत धरून नुकसानभरपाई ठरवली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हे तत्त्व ठामपणे मांडले. म्हणजे स्त्री मेली की तिच्या घरकामाला किंमत येते, आणि जिवंतपणी घटस्फोट घेऊन बाहेर पडली की ती किंमत शून्य होते. ही विसंगती कोणत्या शास्त्रात बसते?

आपल्या परंपरेतलेच दुसरे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कोकणातला किंवा साताऱ्याकडचा एक भाऊ गिरणीत कामाला गेला, दुसरा गावी राहून जमीन कसत राहिला. पुढे वाटणीची वेळ आली तेव्हा वडिलोपार्जित जमिनीत आणि घरात दोघांना समान हिस्सा मिळाला. कोणी किती नांगरले आणि कोणी किती मनीऑर्डरी पाठवल्या, याच्या पावत्या त्या हिश्श्यासाठी कोणी मागितल्या नाहीत. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत हा समजूतदारपणा हिंदू कायद्याने शतकानुशतके दाखवला. तो समजूतदारपणा भावाभावांपुरता राहिला. पती-पत्नींपर्यंत आला नाही. हिंदू कोड बिलाचे तुकडे होऊन १९५५ आणि १९५६ साली चार कायदे झाले. त्यांनी घटस्फोट दिला, वारसा दिला, दत्तक आणि पालकत्व यांचे नियम दिले. संसारात मिळवलेल्या मिळकतीची समाईक मालकी मात्र चारांपैकी एकाही कायद्यात आली नाही.

गोव्यात ती आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही विवाह आणि मालमत्तेविषयीच्या तिच्या तरतुदी कायम राहिल्या. विवाहपूर्व करार करून वेगळी व्यवस्था ठरवली नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा मानला जातो. पत्नीच्या संमतीशिवाय पतीला स्थावर विकता येत नाही. घटस्फोट झाला तर मालमत्तेची यादी होते आणि निम्मी वाटणी होते. ही समाईक मालकी इतकी खरी मानली गेली की १९६१ च्या आयकर कायद्यात अशा जोडप्यांची पगाराखेरीजची मिळकत दोघांत निम्मी-निम्मी धरण्यासाठी ५-अ हे स्वतंत्र कलम घालावे लागले. या संहितेत सारे सोन्याचे होते असे नाही. समाईक मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार मूळ संहितेने नवऱ्याकडेच ठेवला होता. तरीही बांद्याची शीव ओलांडली की पत्नी वाटेकरी ठरते आणि अलीकडे ती आश्रित ठरते, हे एका देशात शोभणारे नाही.

उर्वरित भारतात प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद आली. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले. लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१४ साली सभागृहाबरोबर संपले. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, पतीच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या पत्नीचाही समान वाटा आहे, असा निर्णय दिला. तो स्वागतार्ह आहे. परंतु एका उच्च न्यायालयाचा निर्णय इतर राज्यांतील न्यायालयांना बांधून घेत नाही.

निम्मा हिस्सा म्हणजे छप्पर नव्हे

येथवर मालकीचा विचार झाला. परंतु हिस्सा निम्मा ठरला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे चुकीचे होईल. वाड्याची वाटणी करता येत असे. मधे भिंत घातली, चुली वेगळ्या झाल्या. पाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये भिंत घालता येत नाही. अशा मिळकतीसाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे. वस्तू सोयीने विभागता येत नसेल, तर निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्याच्या मागणीवरून न्यायालय ती विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकते. मात्र दुसऱ्या हिस्सेदाराला, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला स्वतः विकत घेण्याची संधी मिळते.

आपल्या उदाहरणातल्या शिक्षिकेला ही संधी कागदावरच राहते. साडेबावीस लाख देऊन नवऱ्याचा हिस्सा घ्यायचा आणि वर १५ लाखांचे कर्ज अंगावर घ्यायचे, हे १८ हजारांच्या पगारात कसे जमावे? आणि घर विकले तर हाती आलेल्या साडेबावीस लाखांत, मुलांची शाळा जवळ राहील असे दुसरे घर तिला मिळत नाही. म्हणून मालकी आणि वापर हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. मालकी समतेने ठरावी. वापर गरजेने ठरावा. ज्याच्याकडे मुले राहणार, त्याने मुले मोठी होईपर्यंत त्या घरात राहावे, विक्री तोवर पुढे ढकलावी आणि दोघांचे हिस्से अबाधित ठेवावेत. इंग्लंडमध्ये १९७३ सालच्या एका खटल्यावरून अशा आदेशाला 'मेशर आदेश' असे नावच पडले आहे. तेथल्या अनुभवाने त्यातला दोषही दाखवला: मुले मोठी झाल्यावर घर विकले जाते आणि आई ऐन उतारवयात बेघर होते. म्हणून अशा व्यवस्थेत तिला हिस्सा हप्त्यांनी विकत घेण्याची मुभा आरंभापासूनच असली पाहिजे.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. घराबाहेर पडलेला नवरा स्वतः भाड्याच्या खोलीत राहतो आणि जेथे पाऊल ठेवता येत नाही त्या घराचा हप्ता भरतो, ही स्थितीही अन्यायाची आहे. वापर ज्याच्याकडे, त्याने सोसायटीचा देखभाल खर्च आणि हप्त्यातला काही भाग उचलावा. जो दुसऱ्याच्या वाट्याचा हप्ता भरतो त्याला तो अंतिम हिशेबात परत मिळावा. बायकोचा पगार मोठा आणि हप्ता तिच्या खात्यातून जाणारा असेल, तर निम्म्या हिश्श्याचे हेच तत्त्व नवऱ्यालाही लागू झाले पाहिजे. लग्नापूर्वी घेतलेले घर, वारशाने आलेली मिळकत, जेमतेम वर्षभर टिकलेला विवाह, आई-वडिलांनी घातलेला पैसा, यांना अपवाद असावेत. पण अपवाद सांगणाऱ्याने ते सिद्ध करावेत. आज नियम सिद्ध करण्याचा भार पत्नीवर आहे. तो फिरवायचा आहे.

सहीच्या आधी

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. कार्यकर्त्यांकडे येणारी माणसे आज येतात. त्यांच्यापैकी बहुतेक घरे न्यायालयाच्या निकालाने जात नाहीत, सहीने जातात. परस्पर संमतीचा घटस्फोट लवकर हवा असेल तर घराच्या हक्कसोडपत्रावर सही कर, असे सांगितले जाते. थकलेली, माहेरी परतलेली स्त्री सही करते आणि बारा वर्षांचे भांडवल एका दुपारी सोडून देते. म्हणून तिला पहिला सल्ला हा द्यावा की संमतीअर्जातील घराविषयीचे कलम वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय आणि घराचे त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घेतल्याशिवाय सही करू नये.

दुसरा मुद्दा बँकेचा. आपसात झालेला करार बँकेवर बंधनकारक नसतो. सहकर्जदार म्हणून तिची सही असेल, तर नवऱ्याने हप्ते भरण्याचे कबूल केले तरी बँक पूर्ण कर्ज तिच्याकडूनही वसूल करू शकते. घरातला हक्क गेला आणि कर्ज मात्र राहिले, अशी उलटी वाटणी यातूनच होते. बँक लेखी स्वरूपात तिचे नाव कर्जातून कमी करील तेव्हाच तिने हक्क सोडावा, असा क्रम असला पाहिजे.

तिसरा मुद्दा सोसायटीचा. शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव कोणाचे, हे मतदानासाठी महत्त्वाचे असते; मालकी खरेदीखताने ठरते. नोटिसा पहिल्या नावावर जातात म्हणून दुसऱ्या नावाच्या व्यक्तीचा हक्क कमी होत नाही.

आणि सर्वांत मोठे काम भांडणाच्या कितीतरी आधीचे आहे. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने झोपडपट्टी पुनर्वसनातील घर पती-पत्नींच्या संयुक्त मालकीचे ठरवले. म्हणजे झोपडीतून आलेल्या स्त्रीचे नाव नियमाने लागते, आणि शेजारच्या इमारतीतल्या कारकुनाच्या किंवा प्राध्यापकाच्या पत्नीचे नाव नवऱ्याच्या मर्जीवर राहते. महाराष्ट्राने २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली, तीही केवळ स्त्रियांच्या नावे होणाऱ्या खरेदीला. दोघांच्या संयुक्त खरेदीला नाही. संयुक्त मालकी वाढवायची असेल तर सवलत तिलाही मिळाली पाहिजे, ही मागणी सोपी आहे आणि राज्य सरकारच्या हातातली आहे.

मागण्या तीन आहेत. विवाहकाळात घेतलेले राहते घर, खत कोणाच्याही नावावर असो, निम्मे-निम्मे मानले जावे. मुलांच्या गरजेनुसार त्याचा वापर ठरवण्याचा आणि विक्री पुढे ढकलण्याचा स्पष्ट अधिकार कुटुंब न्यायालयाला द्यावा. आणि संयुक्त खरेदीला शुल्कात सवलत मिळावी. पहिल्या दोन मागण्यांसाठी कायदा लागेल, तिसरीसाठी शासनाचा आदेश पुरेल. चौथ्या गोष्टीसाठी मात्र कोणाचीही वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने आज घरी गेल्यावर स्वतःच्या घराचे खरेदीखत कपाटातून काढावे आणि त्यावर किती नावे आहेत ते पाहावे. एकच असेल, तर या विषयावर गावात सभा घेण्यापूर्वी ते काम उरकावे.